न दुखणारा पाय

नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान उरकले, की तुळशीपाशी डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडायचे, हा रिवाज दिवाळी अंकाच्या वाचकांना समजावून सांगायला नको. चिंचणीला माझ्या आजोळी हा मान मामांचा असे. १९९८ सालच्या दिवाळीतही ते ओल्या पंचानिशी अंगणात आले, कारीट फोडले, ‘गोविंदा, गोविंदा’ अशी आरोळी ठोकली आणि घरात गेले. मुलांच्या फुलबाज्या तोवर निम्म्या संपल्या होत्या. मामी फराळाची ताटे घेऊन बाहेर आल्या, त्यांची नजर शहाबादी फरशीवर गेली आणि त्या जागच्या जागी थबकल्या. उंबरठ्यापासून देवघरापर्यंत मामांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटले होते, आणि त्यांतला डाव्या पावलाचा प्रत्येक ठसा तांबडा होता.

पाय उलटा करून पाहिला, तो अंगठ्याच्या मुळाशी फुलबाजीची तार शिरलेली. अंगणात कुणीतरी टाकलेली, वरून विझलेली पण आत धग असलेली. भोवतालची कातडी भाजून पांढरी पडली होती.

“अहो, दुखत नाही का?” मामींनी विचारले.

“छे! काही नाही. उगाच घाबरवू नका मुलांना,” मामा म्हणाले, आणि चकलीकडे वळले.

दुखत नाही म्हणजे काही विशेष नाही, असे त्यांना वाटले आणि आम्हा सर्वांनाही वाटले. तार उपटली, हळद दाबली, चिंधी बांधली, आणि भाऊबीज आनंदात पार पडली. अकराव्या दिवशी अंगठा काळा पडला. मुंबईच्या एका रुग्णालयात तो काढून टाकावा लागला. ज्या शल्यवैद्यांनी तो काढला, ते बाहेर येऊन मामींना म्हणाले, “बाई, यांना दुखले असते ना, तर अंगठा वाचला असता.”

हे वाक्य ऐकून मला त्या वेळी चमत्कारिक वाटले होते. वेदना जावी म्हणून माणूस देवाला नवस बोलतो, वैद्याचे घर गाठतो. आणि येथे हा विद्वान गृहस्थ वेदना नव्हती म्हणून हळहळतो! पुढे सवडीने जे वाचले, विचारले, त्यातून या एका वाक्यामागे केवढा मोठा इतिहास उभा आहे हे ध्यानात आले. तोच आज सांगायचा आहे.

मामांना त्या वेळी मधुमेह होऊन चौदा वर्षे झाली होती. त्यांचा धंदा डाय बनवण्याचा. सोन्याच्या दागिन्यांचे नक्षीदार ठसे पोलादात कोरायचे हे काम आमच्या चिंचणी-तारापूरच्या बाजूला घरोघर चाले. पडवीत मांडी ठोकून बसायचे, हातोडी-छिन्नीने नक्षी उठवायची. भोवती पोलादाचा कीस पडलेला. शेवटच्या दोनतीन वर्षांत तो कीस मामांच्या तळव्यात रुतलेला सापडे, आणि ते अभिमानाने म्हणत, “माझे पाय आता लोखंडाचे झाले.” बाजारातून येताना पायातली सपाता वाटेत कुठे निसटली ते त्यांना घरी आल्यावर कळे, आम्ही हसत असू. रात्री तळव्यांना मुंग्या येतात म्हणून मामी रबरी पिशवीने शेक देत. एकदा त्या शेकाने मोठा फोड आला, तोही दुखला नाही. इतकी पत्रे आली होती. वाचायला कोणी नव्हते.

आपल्याकडे हा रोग जुना. सुश्रुतसंहितेत प्रमेहाचे आणि मधुमेहाचे वर्णन आहे, आणि एक गोष्ट तर अशी नेमकी टिपली आहे की आजचा डॉक्टरही मान डोलावील. मधुमेही माणसाला जे फोड, पिटिका होतात, त्या मुख्यतः शरीराच्या खालच्या भागात होतात, असे तिथे म्हटले आहे. कारण दिले आहे ते त्या काळच्या दोषविचाराचे. पण निरीक्षण खोटे नाही.

गंमत पुढेच आहे. याच सुश्रुताने गरीब मधुमेह्याला उपचार सांगितला आहे तो असा, की त्याने मुनीसारखे संयमाने राहावे, भिक्षा मागून खावे, एका गावी एका रात्रीपेक्षा जास्त राहू नये, आणि पादत्राण व छत्री न घेता शंभर योजने किंवा त्याहून अधिक चालत जावे. ज्याला शेती करता येईल त्याने नांगर धरावा, विहीर खणावी. या सल्ल्यातला चालण्याचा आणि अंगमेहनतीचा भाग आज जगभरचे डॉक्टर शिरोधार्य मानतात. अनवाणी चालण्याचा भाग मात्र उलटा झाला आहे. सुश्रुताला दोष देण्याचे कारण नाही. त्याच्यापाशी नसांची परीक्षा करण्याचे साधन नव्हते, आणि मधुमेही माणूस पाय बधिर होईपर्यंत तीसतीस वर्षे जगेल, असा तो काळही नव्हता.

तो काळ आला १९२१ नंतर. टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्शुलिन शोधून काढले, आणि ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या मुलाला त्याची पहिली सुई दिली गेली. जी मुले वर्ष-दोन वर्षांत दगावत, ती जगू लागली, मोठी झाली, म्हातारी झाली. आणि माणसे जगू लागली तसतसे डोळ्यांचे, मूत्रपिंडांचे आणि पायांचे दुखणे पुढे आले. बोस्टनचे डॉक्टर इलियट जॉस्लिन यांनी १९३४ साली मधुमेह्यांच्या पायाला होणाऱ्या गँग्रीनच्या धोक्यावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पाय सडणे हे काही दैवाने धाडलेले संकट नव्हे. पायांची स्वच्छता आणि रोग्याचे शिक्षण यांनी ते पुष्कळ अंशी टळते. बोलणे खरे होते. पण पायाला जखम मुळात का होते, आणि झाल्यावर ती का भरत नाही, याचा उलगडा अजून नीटसा झालेला नव्हता. साखरेने मांस नासते, अशी सर्वसाधारण समजूत होती.

उलगडा झाला तो अशा ठिकाणी, जिथे मधुमेहाचा काही संबंध नव्हता, आणि जिकडे पाहायलाही सभ्य माणसे तयार नव्हती.

महारोग म्हणजे कुष्ठरोग. आपल्या महाराष्ट्राला या रोगाचा आणि त्याच्या सेवेचा इतिहास अपरिचित नाही. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० पासूनचे. सेवाग्रामला परचुरेशास्त्री आले तेव्हा गांधीजी स्वतः त्यांच्या जखमा धूत, अंगाला मालिश करीत. त्याचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन, वरोऱ्याला बाबा आमट्यांचे आनंदवन. सेवा थोर होती. तरी सर्वांची समजूत हीच होती, की या रोगात बोटे ‘झडतात’. रोग आतून मांस खातो, आणि बोट गळून पडते.

१९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे एक तरुण इंग्रज शल्यवैद्य आले. जन्म १९१४ चा, आणि तोही तामिळ मुलखातल्या कोल्ली डोंगरावरचा, म्हणजे एका अर्थी ते इथलेच. कुष्ठरोग्यांच्या वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करता करता त्यांना प्रश्न पडला, की हे मांस खरोखर आपोआप झडते का? एके दिवशी एका गंजलेल्या कुलपाची किल्ली त्यांना काही केल्या फिरेना. शेजारचा एक बारकासा मुलगा पुढे झाला, त्याने ती चटकन फिरवली. ब्रँड चकित झाले; मग त्यांनी त्याचा हात पाहिला. किल्लीच्या कडेने बोट हाडापर्यंत कापले गेले होते, आणि मुलाला त्याचा पत्ता नव्हता. आपण किती जोर लावावा हे आपली वेदना आपल्याला सांगते. त्या मुलाला सांगणारे कोणी उरलेच नव्हते.

तेव्हापासून ब्रँड आणि त्यांचे सहकारी प्रत्येक जखमेचा माग काढू लागले. ही कशाने झाली? चुलीवरचे भांडे उचलताना. ही? चपलेतल्या खिळ्याने. काही जणांची बोटे रात्रीतून नाहीशी होत. त्याचे कारण तर अंगावर काटा आणणारे निघाले. निजलेल्या माणसाची बोटे उंदीर कुरतडत आणि माणसाला जाग येत नसे. तेव्हा रुग्णांना घरी जाताना मांजर देण्याची पद्धत पडली. बोटे झडत नव्हती. ती रोज थोडी थोडी जायबंदी होत होती, आणि तक्रार करणारी नस मेलेली होती.

पायाच्या बाबतीत त्यांनी जे ताडले, ते तर फारच मोलाचे. तुमच्याआमच्या चपलेत खडा गेला, तर आपण चार पावलांत थांबतो. खडा नसला, नुसती वादी घासत असली, तरी नकळत लंगडतो, भार दुसरीकडे टाकतो. हे लंगडणे म्हणजे पायाचा पहारेकरी. बधिर पाय लंगडत नाही. तो दिवसाला हजारो पावले एकाच ठिकाणी, एकाच दाबाने टाकतो; आतले मांस आधी गरम होते, सुजते, मग फुटते. भरत आलेली जखम त्याच पायावर चालल्याने पुन्हा फुटते. त्या पायाला विसावा दिला, तर ती तुमच्याआमच्या जखमेसारखीच भरते, हेही त्यांनी दाखवून दिले. म्हणून मऊ रबराची, सूक्ष्म हवेच्या बुडबुड्यांनी भरलेल्या तळाची चप्पल निघाली. ‘एम. सी. आर.’ चप्पल म्हणून कुष्ठरुग्णालयांत ती सर्वांच्या ओळखीची झाली. इतकी ओळखीची, की पुष्कळ रुग्ण ती घालीनात. चप्पल पाहून लोक रोग ओळखत. पाय गेला तरी चालेल, पण अब्रू जाऊ नये, असा हा आपला समाज!

१९६६ साली ब्रँड अमेरिकेत लुइझियाना प्रांतात कार्व्हिल येथल्या कुष्ठरुग्णालयात गेले. तेथे त्यांच्या ध्यानात आले, की मधुमेह्याचा पाय आणि कुष्ठरोग्याचा पाय यांच्या जखमा एकमेकींच्या बहिणी आहेत. एकाची नस जंतूने मारलेली, दुसऱ्याची वर्षानुवर्षांच्या वाढत्या साखरेने. तळवा बधिर तो बधिरच. मधुमेह्याला त्यावर आणखी एक जाच असतो. त्याच्या पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद होतात, विडी-तंबाखू असली तर अधिकच, आणि जखम भरायला लागणारे रक्त पोहोचत नाही. वेल्लोरला कुष्ठरोग्यांसाठी शिकलेले धडे मधुमेह्यांना लागू पडले. ज्यांच्या सावलीला आपण उभे राहत नव्हतो, त्यांच्या पायांनी जगभरच्या मधुमेह्यांना हे ज्ञान दिले आहे. कुष्ठरोग १९८२ पासूनच्या बहुविध औषधोपचाराने पुरता बरा होतो. मधुमेह जन्माचा सोबती, आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात तो दहा कोटींहून अधिक लोकांना आहे.

कार्व्हिलचेच आणखी एक ऋण आहे, आणि ते आमच्या किनाऱ्यावरच्या माणसाला चटकन समजेल. पाय बधिर झाला आहे की नाही, हे रोग्याला पुष्कळदा कळतच नाही. ज्यांच्या नसा बिघडल्या आहेत त्यांच्यापैकी निम्म्यांपर्यंत लोकांची काहीच तक्रार नसते. तेव्हा ते ओळखावे कसे? सातपाटीच्या कोळ्यांच्या हातात असतो तसल्या तंगुसाचा, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याचा एक ठरावीक जाडीचा तुकडा दांडीला बसवतात. तळव्याला टेकवून दाबला, की दहा ग्रॅम भार पडताच तो वाकतो. डोळे मिटलेल्या माणसाने ‘हं’ म्हणायचे. ज्याला हा स्पर्श कळत नाही, त्याच्या पायाचा पहारेकरी निजला आहे असे समजावे. १९८०-९० च्या दशकात कार्व्हिलला या दोऱ्याची कसोटी ठरली. त्याच्या जोडीला कंप पावणारा चिमटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, हाडाला टेकवून पाहतात. दोन्हींना मिळून पाच मिनिटे लागतात. मामांची ही परीक्षा चौदा वर्षांत एकदाही झाली नव्हती. आज ती मधुमेह्याने वर्षातून एकदा तरी करून घ्यावी असा दंडक आहे, आणि डॉक्टर विसरले तर आपणच मोजे काढून पाय पुढे करावा.

आपल्याकडे या कामाला वाहून घेणारी माणसे निघाली, हे अभिमानाने नोंदवावेसे वाटते. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांनी मधुमेही पायांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला, आणि एक डॉक्टर व एक परिचारिका अशी जोडी शिकवून गावोगाव पाठवण्याची जी योजना भारतात व टांझानियात राबवली गेली, तिच्यात पुढाकार घेतला. मुंबईला डॉ. अरुण बाळ यांनी केवळ पायांच्या शस्त्रक्रियेला आपले आयुष्य दिले. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले होते, की मधुमेह्यांचे जे पाय कापावे लागले, त्यांतल्या शंभरात चौऱ्यांशी पायांच्या बाबतीत सुरुवात एका साध्या जखमेपासून झाली होती, आणि ती जखम पुष्कळदा चपलेने किंवा बुटाने केलेली होती.

आता आमच्या मुलखाकडे वळू. पालघर हा वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, पण पायांच्या दृष्टीने पाहिले तर येथे तीन जिल्हे नांदतात. पूर्वेला जव्हार-मोखाड्याचा डोंगर आणि भाताची खाचरे. आवणीच्या दिवसांत पाय चिखलात दिवसचे दिवस भिजतात, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. पश्चिमेला किनारा, कालवांच्या शिंपा, खडक, ओली वाळू. आणि मध्ये रेल्वेच्या दोन्ही अंगांना बोईसर-तारापूर. अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, औद्योगिक वसाहत वाढली, आणि ज्या माणसांचे वडील अनवाणी शेतात जात, ती पोलादी टोपीचे जाड बूट घालून पाळीला जाऊ लागली. बुटाने खिळ्यापासून रक्षण होते हे खरे. पण बधिर पायाला घट्ट बूट म्हणजे आठ तासांचा चिमटा, आणि आत घामाने भिजलेला मोजा. नवा बूट पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावा, आणि तो संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडा सुजतो. घालण्यापूर्वी आत हात फिरवून पाहावा. या हात फिरवण्याने किती पाय वाचले असतील!

शिवाय आमची व्रते. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहायचे. चैत्रात महालक्ष्मीच्या यात्रेला तापल्या मातीतून डोंगर चढायचा. श्रद्धेवर टीका करण्याचा माझा हेतू नाही, मीही चढलो आहे. पण ज्याच्या तळव्याला विस्तवाची धग कळत नाही, त्याने देवीकडे वहाणा घालून येण्याची मुभा मागावी. आई आहे, नाही म्हणणार नाही. आपल्या संस्कृतीत पायाला केवढा मान! पाहुण्याला पहिले पाणी पायांवर, वडिलांच्या पायांवर डोके, विठ्ठलाचे पाय दिसावेत म्हणून रात्रभर रांग. मात्र स्वतःचा तळवा शेवटी कधी पाहिला, असे विचारले तर सांगता येत नाही. आणि पाय धुतो, पण पुसत कोण नाही.

मामांचा अंगठा गेल्यावर मामींनी घरात एक शिरस्ता पाडला. रुग्णालयातल्या परिचारिकेने अर्ध्या तासात जे सांगितले, ते त्यांनी जन्मभराचे करून टाकले. संध्याकाळी दिवेलागण झाली, की मामा पाटावर बसतात. पाय कोमट पाण्याने धुवायचे; पाणी आधी मामी आपल्या कोपराने पाहतात, मामांच्या पायाला विचारत नाहीत. भिजत ठेवायचे नाहीत. मऊ पंचाने पुसायचे, बोटांच्या बेचक्या एकेक करून कोरड्या करायच्या. मग टाचांच्या भेगांना खोबरेल, बेचक्यांत मात्र नाही, तिथे ओल राहते. तळव्याखाली आरसा धरून पाहायचे: लाली, फोड, चीर, रुतलेले काही. हाताच्या पाठीने चाचपायचे, एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागते का. नखे सरळ रेषेत, कोपरे खोल न कोरता. कुरूप झाले तर ब्लेड लावायचे नाही, दुकानातली कुरूप जाळणारी पट्टीही नाही, डॉक्टरकडे जायचे. मोजे पांढरे, म्हणजे रक्ताचा ठिपका दिसतो. अंगठ्याच्या वादीची सपाता बंद, मागे पट्टा असलेली चप्पल, आणि ती घरातही. रबरी पिशवी मामींनी बोहारणीला देऊन टाकली. जखम झालीच, तर ती दुखते की नाही हे न विचारता त्याच दिवशी बोईसर गाठायचे.

पहिली काही वर्षे मामा कुरकुरत. “मी काय लहान मूल आहे?” म्हणत. २००७ सालच्या श्रावणात मामींना उजव्या पायाच्या करंगळीखाली हरभऱ्याएवढी लाल जागा दिसली. मामांना अर्थातच काही जाणवत नव्हते. त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवले, चपलेतली शिवण उसवून निघाली, तीन आठवडे पायावर भार टाकायचा नाही अशी सक्त ताकीद मिळाली, आणि जागा कातडी न फुटता बरी झाली. त्या दिवसापासून कुरकुर बंद.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. डाय कोरायचे काम डोळ्यांमुळे सुटले, परंतु नऊ बोटे आणि दोन्ही पाय शाबूत आहेत. गेल्या दिवाळीत मी चिंचणीला होतो. अंगणात वाळूची एक बादली ठेवलेली असते. विझलेली प्रत्येक तार तिच्यात टाकायची असा मुलांना हुकूम आहे. पहाटे मामा आंघोळ करून, पाय पुसून, चपला घालून बाहेर आले. कारीट फोडायचा मान आता त्यांच्या नातीकडे गेला आहे. तिने फोडले, मामांनी जुन्या सवयीने ‘गोविंदा’ म्हटले, आणि मामी आतून हाक मारीत होत्या, “अहो, आधी इकडे या. पाय बघू द्या, मग फराळ.”